झऱ्याला लावलेला सुरुंग

कोडोलीची पोरगी शाहूवाडीच्या डोंगरात दिली म्हणजे बापानं डोळे झाकून दिली, असं तेव्हा लोक तोंडावर बोलून दाखवत. माझ्या आईला तर हळदीच्या अंगानं बसलेली असतानाच तिच्या चुलतीनं विचारलं होतं, "काय गं, आता तिकडं जाऊन दगड खातीस व्हय?" कोडोली म्हणजे काळी माती, ऊस आणि गुऱ्हाळं. थंडी पडली की गावभर उकळत्या रसाचा वास भरून राहायचा आणि पोरं काकवी चाटत हिंडायची. मोटारीचं बटण दाबलं की पाटाला पाणी, एवढंच आईला पाण्याबद्दल माहीत होतं. आमची वाडी मात्र मलकापूरच्या पुढं, डोंगराच्या अर्ध्या उंचीवर. वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट उघडा कातळ; खाली उतारावर नाचणीची आणि वरीची तुकड्या-तुकड्यांची शेतं. आजोबांनी एवढंच बघितलं की जावई सड्यावरच्या बॉक्साइटच्या खाणीत पगारी आहे. "उसाचं बिल कवा ईल ते देवाला ठावं, ह्यो गडी म्हैन्याच्या म्हैन्याला हातात पैसा आणतोय," असं म्हणून त्यांनी मुलगी दिली. त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या पगारावर मी सातवीपर्यंत शिकले आणि पुढं शिवणकाम शिकून कोल्हापुरात शिवाजी पेठेत दुकान थाटलं. पण तो पगार कशातून निघत होता हे ना आजोबांना कळलं, ना माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ना मला. कळायला म्हातारपण यावं लागलं, आणि तेव्हा कळून उपयोग काय, हा प्रश्न आहेच.

आमच्या घरात सकाळ जात्याच्या आवाजानं व्हायची आणि दुपार सुरुंगाच्या. दुपारी सड्यावर आधी शिट्टी वाजायची, मग थोडा वेळ नुसती शांतता, आणि मग जमिनीतून धडधड यायची. फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची, कौलातून धूळ गळायची. आई ती शिट्टी ऐकली की पिठाच्या परातीवर दुसरी परात उपडी घालायची. सवय इतकी झाली होती की खाणीला सुट्टी असली तरी तिचा हात दुपारी परातीकडं जायचा. खायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पाट्यावर रगडलेला खर्डा. पावसाळ्यात रानातली भाजी. कोडोलीहून मामा आला की गुळाची ढेप आणायचा, आणि ती ढेप आई कापडात बांधून आढ्याला टांगायची. मला गूळ मागितल्यावर ती आधी माहेरची एखादी गोष्ट सांगायची आणि मग खडा द्यायची, त्यामुळं मला ऐकण्याचा कंटाळा आला तरी गप्प बसावं लागायचं. एकदा मी विचारलं, इथं आणि तिथं फरक काय? तर म्हणाली, "तिकडं पाणी मातीत असतंय, हितं दगडात. मातीतलं पाणी मागितलं की मिळतंय. दगडातलं त्येच्या मनानं येतंय."

आणि ते खरंच त्याच्या मनानं यायचं. वाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या पायथ्याशी कातळाला एक भेग होती, आणि त्या भेगेतून मनगटाएवढी धार बारा महिने पडायची. धारेखाली दगडात कोरलेली तीन कुंडं होती, एकाखाली एक. वरच्या कुंडातलं पाणी प्यायला, आणि ते फक्त वाडीच्या मराठ्यांना आणि गुरवाला. मधल्या कुंडात धुणं. तिसऱ्या कुंडात गुरं पाणी प्यायची आणि तिथूनच खालच्या वस्तीच्या बायका घागरी भरायच्या. खालच्या वस्तीत तीन घरं, तिन्ही बौद्ध. ती माणसं बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी वाडीतली म्हातारी माणसं त्यांना जुन्याच नावानं बोलत, आणि पाण्याची रीतही जुनीच होती. वरून आमच्या धुण्याचं पाणी येतंय म्हणून त्या बायका भल्या पहाटे, कुणी धुणं घेऊन यायच्या आत येत. आमच्या आईला ही तीन कुंडांची रीत लग्नाआधी माहीत नव्हती असं नाही, कोडोलीतही दुसरं काही नव्हतं. पण तिथं विहिरी वेगळ्या होत्या, त्यामुळं डोळ्यांसमोर दिसत नव्हतं. इथं रोज दिसायचं. मी लहान असताना मला ते सूर्य उगवण्याइतकंच साधं वाटायचं, हे लिहिताना आज माझाच मला राग येतो.

आबांचा खाणीतला जोडीदार खालच्या वस्तीतला नामदेव होता. दगडाला सुरुंगाचं भोक पाडायला तेव्हा दोन माणसं लागत. एकजण बसून पहार उभी धरायचा आणि प्रत्येक घावाबरोबर ती थोडी फिरवायचा. दुसरा उभा राहून वरून घण घालायचा. घणवाला दगड बघून भोकाची जागा ठरवायचा, पहारवाला तिथं पहार टेकवायचा. पहार धरणाऱ्यानं घणाकडं बघायचं नसतं, बघितलं की हात हलतो. आबा घणवाले, नामदेव पहारवाला. इतकी वर्षं घण त्याच्या हातापासून वितीवर पडत होता आणि त्याला एक ओरखडा आला नव्हता. सड्यावर दोघं एकाच बाटलीतलं पाणी प्यायचे, एकमेकांच्या डब्यातलं कालवण खायचे. तिथं नामदेव आबांना "रामा" म्हणायचा. वाडीत उतरला की "रामभाऊ". आबा त्याला दोन्हीकडं "नामदेव"च म्हणायचे, आणि या गोष्टीचा आबांना थोडा अभिमान होता. मी एकदा डबा द्यायला सड्यावर गेले तेव्हा नामदेवनं मला तांबडा दगड हातात देऊन सांगितलं, "पोरी, ह्येचीच जर्मनची भांडी करत्यात." जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. मला काही पटलं नाही. तांबड्या मातकट दगडाचं पांढरं भांडं कसं होईल? पण खरंच, त्या वर्षांत वाडीतल्या बायकांनी तांब्याच्या घागरी मोडीत घालून हलक्या जर्मनच्या कळश्या घेतल्या, आणि आम्ही आमचाच सडा डोक्यावर घेऊन पाणी भरत होतो. तेवढं पाणी मात्र दरवर्षी थोडं कमी भरत होतं.

पहिल्यांदा धार मनगटाची अंगठ्याएवढी झाली तेव्हा सगळे म्हणाले, पाऊस कमी झाला. पुढच्या वर्षी पाऊस धो धो झाला, ओढ्यानं दोन खाचरं नेली, तरी धार करंगळीएवढीच. आता लोक सांगतात की सडा म्हणजे आमची पाण्याची टाकी होती. पावसाचं पाणी पिऊन तो वर्षभर झिरपवत होता, आणि त्याच टाकीचं झाकण रोज दुपारी फोडून ट्रकनं खाली जात होतं. तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी खाणीवर जगणाऱ्या वाडीनं ऐकलं असतं असं मला वाटत नाही. वाडीनं आपलं निदान केलं ते असं, की भेगेचं तोंड गाळानं आणि दगडानं बुजलंय. मग गुरवआप्पांनी देवीला कौल लावला. देवीच्या दगडाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. गुरवआप्पा म्हणाले, "आईनं उजवा दिला. मोकळं करा म्हणतीया." आणि मोकळं करायचं म्हटल्यावर वाडीला एकच गोष्ट येत होती. इतकी वर्षं वाडीतले गडी दगड मोकळाच करत होते.

आबांनी घरी येऊन सांगितलं की ते झऱ्याच्या तोंडाला एक बारका बार काढणार आहेत. आई भाकरी थापत होती. "गाळ असंल तर हातानं काढा की," ती म्हणाली. "हात जात न्हाय तितवर." "मग ऱ्हाऊ दे. हाय तेवढं तरी येतंय." आबा हसले. "तुला कोडोलीवालीला दगडातलं काय कळतंय? दगड काय बोलतो ते घण घालणाऱ्याला इचारावं." जिलेटिनचे तोटे त्यांनी खाणीतून बंडीच्या आत घालून आणले. ते उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असतीच, वर फौजदारीही झाली असती. पण वाडीसाठी आणतोय म्हटल्यावर त्यांना त्यात चोरी वाटली नाही, वाडीलाही नाही. नामदेवला मात्र हे काम नको होतं. तो आमच्या अंगणाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "वरच्या कुंडात म्या उतरायचं? नगं, रामभाऊ. मागनं कोणतरी बोलंल." आबा म्हणाले, "कोण बोलतंय? मी हाय की." गुरवआप्पांना विचारलं तर त्यांनीही मोठं मन केलं. "कामापुरतं चालतंय. मागनं कुंड धुऊन घिऊ." नामदेव पहार आणायला गेला. त्याला धुऊन घेण्याची सवय असावी.

खाणीच्या सुट्टीदिवशी सकाळी अख्खी वाडी झऱ्यावर जमली. वस्तीतली माणसं पलीकडच्या बांधावर उभी होती. आबांनी कातळावर कान लावला, बोटांनी चाचपलं, आणि भेगेच्या डाव्या अंगाला एका जागी थुंकीनं खूण केली. "हितं." नामदेवनं तिथं पहार टेकवली. मी दोघांना काम करताना एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. आबांचा घण वर जायचा, खाली यायचा, नामदेव मान खाली घालून पहार फिरवत राहायचा, आणि दोघांचा श्वास एकाच वेळी बाहेर पडायचा. मला फार अभिमान वाटला. मग तोटे भरले, वात लावली, सगळ्यांना लांब पिटाळलं आणि बार उडाला. धूर निवळायच्या आत भेगेतून तांबडं पाणी भसाभस बाहेर पडलं. असं पाणी कुणी पाहिलंच नव्हतं. बायकांनी कळश्या टाकून ओंजळी धरल्या, गुरवआप्पांनी नारळ फोडला, कुणीतरी आबांना खांद्यावर घेतलं. नामदेव कुंडातून वर आला, पहार खांद्यावर टाकून बाजूला उभा राहिला आणि हसत होता. दुपारपर्यंत धार पुन्हा अंगठ्याएवढी झाली. दिवस मावळताना थेंब पडत होते. दुसऱ्या दिवशी आई कळशी घेऊन गेली तर कातळ कोरडा होता, आणि वरच्या कुंडात एक बेडूक बसला होता.

पाणी गेलं कुठं हे चार दिवसांनी कळलं. नामदेवच्या बायकोला, शेवंताला, त्यांच्या नाचणीच्या तुकड्याचा बांध ओला लागला. तिनं विळ्यानं उकरलं तर आत गार स्वच्छ पाणी. नामदेवनं दगड सारले आणि धार मोकळी झाली. बारानं कातळात आत कुठंतरी नवी चीर पडली होती आणि पाणी त्या चिरेतून उताराला लागलं होतं. वाडीच्या झऱ्याचं पाणी आता खालच्या वस्तीच्या दारात होतं. पहिल्या दिवशी वाडीतल्या बायका खाली उतरल्या नाहीत. त्या डोंगर उतरून ओढ्याला गेल्या आणि चढ चढून दमून आल्या. माझी आई मात्र तिसऱ्या दिवशी सरळ शेवंताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. शेवंता म्हणाली, "भरा की, वयनी. आमी काय कुलूप लावलंय?"

मग देवळात बैठक बसली. पुरुष आत, बायका खांबांच्या मागं, आणि नामदेव पायऱ्यांच्या खाली उन्हात उभा. पोलिसपाटील म्हणाले, "पाणी वाडीचं. ते तुज्या बांधात कसं गेलं?"

"ते पाण्याला इचारा, पाटील," नामदेव म्हणाला. "आलंय न्हवं? मग न्या. म्या न्हाय म्हणत न्हाय. एकच सांगणं हाय. वळ एकच लावायची. जो आदी ईल त्यो आदी भरंल."

माणूस अवघड काही मागत नव्हता. पैसा नाही, जमिनीचं भाडं नाही, फक्त त्याच्या बायकोच्या घागरीला आमच्या कळशीच्या बरोबरीनं उभं राहायला जागा. गुरवआप्पा हळूच म्हणाले, "बघा. ह्येच्यासाठीच केलतं ह्यानं." मागून कुणीतरी उचलून धरलं, की भोक मुद्दाम असं पाडलं की पाणी खाली वळावं. मग सगळेच बोलायला लागले. वरच्या कुंडात पाय घातला, देवी रुसली, पाणी पळवलं. पाटलांनी हात वर करून गप्प केलं आणि ते आबांकडं वळले. "रामा, तू जाणता गडी. भोक कुठं पाडायचं ते कुणी ठरवलं? आणि तोटं कुठनं आलं? उद्या मलकापुरात फौजदारापतुर गेलं तर कुणाचं तरी नाव सांगावं लागंल."

मी खांबाला धरून उभी होते. माझ्या मनात उत्तर तयार होतं, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आई माझ्या शेजारी होती आणि तिचाही चेहरा निवांत होता, कारण तिलाही आबा काय सांगणार हे माहीत होतं. आबांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग खाली बघून म्हणाले, "पहार नामदेवाच्या हातात हुती."

ते खोटं नव्हतं. पहार नामदेवच्याच हातात होती. पण खाणीत काम न केलेल्या माणसाला त्याचा अर्थ एकच लागणार होता, आणि आबांना ते कळत होतं. मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलंय, दुकानात तर रोज ऐकत होते, पण एवढं नीट बेतलेलं खरं पुन्हा ऐकलं नाही. नामदेव आबांकडं बघत राहिला. त्यानं ठरवलं असतं तर जागा कुणी दाखवली, तोटे कुणी आणले, सगळं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "व्हय. माज्याच हातात हुती," आणि वळून चालायला लागला. आबांची नोकरी त्यानं वाचवली, हे मला मोठेपणी कळलं. आबांना ते त्याच क्षणी कळलं असणार.

पुढं सगळं रीतसर झालं. फौजदाराचं नाव काढल्यावर नामदेवला पाण्याची जागा वाडीला देणं भाग होतं. वाडीनं त्याच्या तुकड्यावर दगडी टाकी बांधली. वरच्या अंगाला नळ वाडीला, आणि टाकी भरून सांडेल ते खालच्या तोंडानं वस्तीला. टाकीचे दगड फोडायला आबाच गेले. खाणीत नामदेवनं मुकादमाला एवढंच सांगितलं की मी दुसऱ्या कुणाचीही पहार धरतो, रामाची धरत नाही. भांडण केलं नाही. आबांना नवा जोडीदार मिळाला, पण तो घाव पडताना डोळे मिटायचा आणि आबांचा घण पूर्वीसारखा मोकळा पडेनासा झाला. ते घरी आले की हात चोळत बसायचे. आई त्यांच्याशी बोलायची ते कामापुरतं. वाढायची, कपडे धुवायची, आणि पाणी भरायला कळशी घेऊन टाकीच्या खालच्या तोंडाशी वस्तीच्या बायकांच्या मागं उभी राहायची. वरच्या नळावरून बायका हसायच्या. "कोडोलीवाली बाटली गं." मला लाज वाटायची, मी तिचा पदर ओढायचे. ती म्हणायची, "उभी ऱ्हा गप." शेवंता तिच्याशी बरेच दिवस बोलली नाही. नुसती सरकून जागा द्यायची. उन्हाळ्यात वरच्या नळांनीच पाणी संपून टाकी सांडेनाशी झाली, आणि खालच्या तोंडाशी आम्ही तासन्‌तास बसायला लागलो.

वस्तीतली दोन घरं आधी गेली, मग नामदेवनंही ठरवलं. कोल्हापुरात त्याचा मेहुणा बांधकामावर होता. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी आईनं पहाटे उठून भाकऱ्या केल्या, पिठल्याचा डबा भरला आणि आढ्याचा गूळ सोडला. आम्ही दोघी मलकापूरच्या रस्त्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. नामदेव पुढं, डोक्यावर ट्रंक. आबा आले नव्हते, तो विषय कुणी काढला नाही. एस.टी. दिसली तेव्हा शेवंतानं डबा घेतला, पदरात बांधला, आणि म्हणाली, "पोरं खातील. तुमच्या हातचं हाय म्हणून घेतो." तिच्या काखेत झाकण लावलेली जर्मनची बरणी होती. आईनं विचारलं, यात काय? "पाणी. आमच्या बांधातलं. तेवढंच आमचं म्हणून न्यायला हाय." मग ती आईकडं बघून म्हणाली, "वयनी, भावजींनी एक शबुद बोलायचा हुता. दुसरं काय मागितलं नव्हतं आमच्या ह्यांनी." आईला रडू आवरेना. शेवंता रडली नाही. गाडी आली, ती चढली, नामदेवनं खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कंडक्टरनं घंटा दिली.

आम्ही घरी आलो तेव्हा आबा उंबऱ्यावर बसले होते. खाणीत गेले नव्हते. त्यांनी विचारलं, "गेली?"

"गेली."

"नामदेव काय म्हणाला?"

"काय म्हणंल? काय न्हाय म्हणाला."

आई आत गेली. मला वाटलं ती चुलीशी बसेल. ती रिकामी कळशी घेऊन बाहेर आली आणि तिनं ती आबांच्या पायांपुढं ठेवली. आमच्या वाडीत पुरुषानं पाणी भरायची रीत नव्हती.

"आता वळीत कोण न्हाय," ती म्हणाली. "पाणी सगळं तुमचंच हाय. जावा, भरून आणा."